पारसनीस सरांचे साडेतीन

पारसनीस सरांच्या तोंडून 'छान' हा शब्द मी पहिली अकरा वर्षं ऐकला नाही. कँटीनचा चहा असो, विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट असो, नाहीतर स्वतःच्या मुलीचं लग्न असो, त्यांचा शेरा ठरलेला : "ठीक आहे." त्यांच्या पत्नी निरुपमावहिनी एकदा मला म्हणाल्या, "सव्वीस वर्षांत एकदाच श्रीखंडाला 'बरं झालंय' म्हणाले. मी देवापुढे साखर ठेवली." वहिनी हसत सांगत होत्या, पण साखर त्यांनी खरोखर ठेवली असणार.

बडोद्यात वाघोडिया रोडवरच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात लक्ष्मीकांत पारसनीस कंप्यूटर शिकवत आणि मी तिथल्या प्लेसमेंटच्या कचेरीत क्लार्क होते. कचेरी म्हणजे एक टेबल, एक प्रिंटर आणि मी. कॉलेजात सगळे मला आनंदीबेन म्हणत, गुजराती म्हणत तसे मराठीही म्हणत. सर एकटे आनंदीबाई म्हणायचे. घडियाळी पोळातल्या घरून ते रोज जुन्या बजाज स्कूटरवर पाणीगेटमार्गे यायचे. खिशाला शाईचं पेन, शर्टाच्या बाह्या पूर्ण, भर मे महिन्यातसुद्धा. प्रोग्रामिंग शिकवणारा माणूस शाईनं लिहितो म्हणून पोरं हसायची. मीही हसायची.

त्या 'ठीक आहे'चं मूळ त्यांच्या घराण्यात होतं. त्यांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. हाताखालच्या माणसांच्या कामावर दरवर्षी शेरा लिहायचा असे. तो त्यांनी बत्तीस वर्षं लिहिला आणि त्यात 'उत्तम' हा शेरा एकदाच दिला. कुणाला दिला, ते घरात कुणालाच ठाऊक नाही. बाकी सगळे 'समाधानकारक', आणि तेवढा मिळाला की माणूस घरी पेढे घेऊन जायचा, असं सर मोठ्या अभिमानानं सांगत. आमचं घर शिलेदारांचं. आमच्याकडे एक तर शाबासकी नाहीतर शिवी, मधलं काही नाही. मी त्यांना म्हणायची, "सर, तुमच्या आजोबांच्या हाताखाली आमचे आजोबा असते तर दुसऱ्या दिवशी घोडं घेऊन निघून गेले असते." ते गालातल्या गालात हसायचे.

आमच्याकडे शेवटच्या सहामाहीत पोरं कॉलेजात येत नाहीत, कंपनीत इंटर्नशिपला जातात. म्हणायला प्रशिक्षण, पण असते ती चार-पाच महिने चाललेली मुलाखतच. पोरगं पसंत पडलं तर कंपनी तिथंच नोकरीचं पत्र देते. नाही पडलं तर दुसरीकडे धडपडायचं, तेही त्याच वर्षी, कारण मोठ्या कंपन्या त्या वर्षी पास होणाऱ्यांनाच घेतात. पुढच्या वर्षी नवी पोरं आलेली असतात आणि मागच्यांकडे कोणी ढुंकून बघत नाही. म्हणून देखरेख करणाऱ्या शिक्षकाचा, म्हणजे गाईडचा, शेरा महत्त्वाचा. पोरांनी दर आठवड्याला डायरी लिहायची, गाईडनं ती वाचून सही करायची. बाकीचे गाईड सोळा आठवड्यांच्या सोळा सह्या एका बैठकीत ठोकायचे. सर प्रत्येक पान वाचायचे आणि समासात लाल शाईनं प्रश्न विचारायचे.

पूर्वी शेवटी ते कंपनीला पत्र लिहायचे : काम समाधानकारक आहे, विद्यार्थी नियमित आहे. दोन ओळी. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात भरतीचं काम बघणारे जनार्दन वैद्य होते, जुने बडोदेकर. ते मला फोनवर म्हणायचे, "पारसनीसांनी 'समाधानकारक' लिहिलंय ना? मग मुलाखत कशाला, सोमवारी पाठवून द्या." सरांचं पत्र ज्यांना वाचता येत होतं अशी बडोद्यात पाच-सात माणसं होती. ती एकेक करून निवृत्त झाली.

मग फॉर्म आले, ऑनलाइन. सहा मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. पाच म्हणजे असामान्य, तीन म्हणजे समाधानकारक. सर कागदावर गुण लिहून द्यायचे, मी ते कंप्यूटरवर भरायची, कारण पासवर्ड कचेरीकडे असायचा. पहिल्या वर्षी त्यांच्या बारा पोरांना त्यांनी घराण्याच्या मापानं भरभरून तीन-तीन दिले. बाराच्या बारा पडली. इतर गाईडांनी आपल्या पोरांना डोळे झाकून पाच दिले होते. कंपनीत फॉर्म माणूस वाचतच नव्हता. मशीन वरून नावं उचलत होतं आणि तीनवाले खाली राहत होते. एक मुलगा माझ्या टेबलापाशी उभा राहून विचारत होता की सर आपल्यावर रागावलेत का. मी त्याला काय सांगणार?

पुढच्या वर्षापासून मी सरांचे तीन असतील तिथे पाच भरायला लागले, दोन असतील तिथे चार. कुणाला सांगितलं नाही. सरांची पोरं धडाधड लागायला लागली, आणि ती अभ्यासात खरीच पक्की असल्यामुळे टिकायचीही. तिसऱ्या वर्षी सर्वाधिक प्लेसमेंटसाठी कॉलेजनं सरांना एक पाटी दिली, लाकडी, पितळी अक्षरांची. सभेत सर म्हणाले, "शिक्षकानं हात आखडता ठेवला की कंपन्यांचा विश्वास बसतो." मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. हसू दाबणं मुश्कील झालं होतं.

हे सहा वर्षं चाललं. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत एका कंपनीनं फॉर्मची प्रत गाईडलाही मेलनं पाठवायला सुरुवात केली. सर ती प्रिंट करून घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवली. त्यांनी ज्याला दोन आणि तीन दिले होते त्या मुलाच्या नावापुढे चार आणि पाच होते.

"आनंदीबाई, हे मी दिलेत?"

"नाही सर. मी दिलेत."

"चुकून?"

हो म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. पण मला ते जमलं नाही. "मुद्दाम," मी म्हटलं. "सहा वर्षं देतेय. नाहीतर तुमची पोरं घरी बसली असती."

ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "खाली माझं नाव आहे."

"नाव तुमचं आहे, नशीब पोरांचं आहे, सर."

"त्या मुलांना माझ्यामुळे नोकऱ्या लागल्या असं मला वाटत होतं," ते म्हणाले, आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "ही तुमची," एवढंच म्हणाले. प्राचार्यांकडे माझी तक्रार केली नाही. फॉर्मचा पासवर्ड मात्र मागून घेतला, आणि यापुढे मी स्वतः भरीन म्हणाले. तक्रार केली असती तर मला इतकं लागलं नसतं. सहा वर्षं मी त्यांची लाज राखली आणि त्यांनी मला चोर ठरवून पाटी परत केली, असं मला वाटलं. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

त्या साली सरांच्या गटात वसुंधरा होती. पाणीगेटच्या फत्तेसिंहराव भोईट्यांची मुलगी. आमच्याकडे नावं अजून दरबारातली आहेत. फत्तेसिंहराव रिक्षातून शाळेच्या मुलांची ने-आण करायचे, आमच्याकडे तिला वर्दी म्हणतात. घरात इंजिनिअर होणारी वसुंधरा पहिलीच. अलकापुरीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती इंटर्न होती, इस्पितळांच्या अपॉइंटमेंटचा प्रोग्राम बनवणाऱ्या गटात. बाकी पोरांच्या डायऱ्या एकमेकांवरून उतरवलेल्या असायच्या. हिच्या डायरीत एका आठवड्याखाली लिहिलं होतं, 'या आठवड्यात काहीच जमले नाही. एकाच वेळी दोन पेशंटना नंबर जात होता. चूक दुसऱ्याची समजून चार दिवस शोधले, ती माझीच निघाली.' सरांनी ते पान मला दाखवलं होतं, आमचं बिनसण्याआधी. समासात लाल शाईचा प्रश्न नव्हता. त्यांनी ते पान नुसतंच दाखवलं आणि डायरी घेऊन गेले.

धुळेटीच्या आधीच्या शनिवारी त्या कंपनीची मेल कचेरीच्या पत्त्यावर आली. बुधवारपर्यंत गाईडनी फॉर्म भरावेत, शुक्रवारी नोकरीची पत्रं देऊ, आणि सरासरी चारच्या खाली असेल त्या विद्यार्थ्याचा विचार होणार नाही. कंपन्या एरवी हा आकडा सांगत नाहीत. या वेळी सांगितला होता. इतर गाईडना मी ती मेल पुढे पाठवली, नेहमीसारखी. सरांना पाठवली नाही. मुदत त्यांना फॉर्मवरच दिसणार होती, चारचा आकडा मात्र फक्त मेलमध्ये होता.

विसरले असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते. सरांचं नाव यादीत दिसलं, बोट तिथे थांबलं, आणि मनात आलं, स्वतः भरणार आहेत ना, भरू देत की. सोमवारी होळी, मंगळवारी धुळेटी. बुधवारी वसुंधरा कचेरीत आली. केसांत अजून गुलाबी रंग होता.

"आनंदीबेन, सरांनी फॉर्म भरला का?"

"सरांना विचार."

"त्यांना कसं विचारू? ते म्हणतील, तुला काय घाई आहे." ती हसली. "पपांनी आत्तापासून आख्ख्या गल्लीत सांगून टाकलंय. जरा बघा ना."

अजून वेळ होता. मेल उघडून सरांकडे पाठवायची, किंवा दहा पावलं चालत त्यांच्या खोलीत जायचं. "भरतील," मी म्हटलं, आणि प्रिंटरमध्ये कागद घालत बसले.

संध्याकाळी सर माझ्या दाराशी आले. महिन्याभरात पहिल्यांदाच. चेहरा उजळलेला होता. "आनंदीबाई," ते म्हणाले, "आज मी चार दिले. भोईटेला. नियमितपणा, आकलन आणि सचोटी, तिन्हीत चार. बाकी तीनमध्ये तीन." खिशातलं पेन नीट केलं. "एवढे कुणाला दिले नव्हते." मला वाटतं ते समेट करायला आले होते. तुमचंही थोडं ऐकलं मी, असं त्यांना म्हणायचं असावं. मी मनात सरासरी काढली. साडेतीन.

फॉर्म त्यांनी पाठवून टाकला होता. तरी मी त्याच मिनिटाला बोलले असते तर कंपनीला फोन करता आला असता. मुदत सातपर्यंत होती. मी म्हटलं, "ठीक आहे."

शुक्रवारी अकरा पोरांची पत्रं आली. एक मुलगा असा होता की जो अर्धा वेळ मॉलमध्ये असायचा. त्याच्या गाईडनं त्याला सगळे पाच दिले होते. वसुंधराला नकार आला, आणि नकाराला तिच्या गुणांचा कागद जोडलेला होता. ती सरांच्या खोलीत गेली. सर म्हणाले, काहीतरी घोटाळा झालाय, मी बघतो. त्यांनी माझ्या टेबलावरूनच फोन लावला. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, रेटिंग तो आपने ही दिया है. चार से नीचे हम नहीं लेते. सबको मेल किया था." सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांना वाटलं आपल्याच नजरेतून मेल सुटली.

त्यांनी कंपनीला शाईनं चार पानी पत्र लिहिलं. त्यात आजोबांचा शेरा होता, वसुंधराच्या डायरीतलं ते पान होतं, साडेतीन म्हणजे काय ते समजावून सांगितलेलं होतं. उत्तर आलं नाही. सोमवारपासून कॉलेजं बंद झाली आणि पुढच्या आठवड्यात सगळा देशच बंद झाला.

ज्या अकरा जणांना पत्रं मिळाली होती ते जुलैपासून घरी बसून काम करू लागले. वसुंधरा निकाल लागून नुसती बसली. शाळा बंद, तर वर्दीही बंद. फत्तेसिंहरावांनी वर्षभरानं रिक्षा विकली. बाजार पुन्हा उघडला तेव्हा कंपन्यांना एकवीस साली पास झालेले हवे होते. तिनं फॉर्म भरले तिथे विचारलं, हे मधलं वर्ष काय केलंत. काय केलं होतं तिनं? भाज्या धुतल्या होत्या, बाकीच्यांसारख्याच. शेवटी वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत पाइपांच्या एका कारखान्यात ती स्टोअरमध्ये लागली. किती नग आले, किती गेले, हे दिवसभर कंप्यूटरवर चढवायचं. सकाळी पावणेसातच्या कंपनीच्या बसमध्ये मी तिला दोनदा पाहिलं. मी तोंड फिरवलं.

सर बदलले. पहिल्यांदा ते मला कळलं नाही. नव्या वर्षी त्यांनी पासवर्डाचा कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला. "सगळ्यांना पाच लिहा, आनंदीबाई." मी म्हटलं, सर, यातला एक मुलगा एक दिवसही कंपनीत गेलेला नाही. "पाच लिहा," ते म्हणाले. डायऱ्या त्यांच्या खोलीत गठ्ठ्यानं पडून राहायला लागल्या. सोळा सह्या एका बैठकीत. पेन तेच, शाई तीच. कुणी प्रोजेक्ट दाखवला तर म्हणायचे, "छान." चहा प्यायले की "छान." एके दिवशी निरुपमावहिनींचा फोन आला. "आनंदी," त्या म्हणाल्या, "हे हल्ली सगळ्याला छान म्हणतात गं. काल वरणात मीठ घालायला विसरले होते मी. तरी छान म्हणाले. ताट पुसून उठले." मला ओरडावंसं वाटलं की वहिनी, हे मी केलंय. बोलले नाही.

बावीसच्या डिसेंबरात सर निवृत्त झाले. जानेवारीत मला एका नव्या कंपनीची जाहिरात दिसली. छोटी कंपनी, मागच्या वर्षांची पोरंही घेणार होती, अट एवढीच की गाईडचं शिफारसपत्र हवं. मी सरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते पत्र लिहूनच आले आणि म्हणाले, तिच्या घरी तुम्हीही चला. रविवार होता. ते स्कूटरवर, मी माझ्या ॲक्टिव्हावर, असे पाणीगेटला गेलो.

फत्तेसिंहराव दारातच बसले होते. "या, या सर, आवो," म्हणाले, आणि आत आवाज दिला. वसुंधरा हात पुसत आली. सरांनी तिला पत्र दिलं. मी ते वाचलं होतं. एका पानाचं होतं. शेवटची ओळ होती : माझ्या एकतीस वर्षांच्या अध्यापनात या विद्यार्थिनीचे काम मला उत्तम वाटले.

तिनं ते दोनदा वाचलं. नीट घडी घातली आणि सरांच्या हातात परत दिलं.

"सर, नाराज होऊ नका. त्या कंपनीत मी डिसेंबरमध्येच जाऊन आले. पत्र ते नंतर बघतात, आधी प्रोग्राम लिहायला दिला होता, अगदी सोपा. मला नाही आला. तीन वर्षं झाली ना. हात विसरून गेला."

"तयारी कर," सर म्हणाले. "मी शिकवतो. रोज येईन."

"साडेसातला सुटते मी, सर. शनिवारीपण." ती म्हणाली. "आणि माझा मावसभाऊ तुमच्याच कॉलेजात होता. तो इंटर्नशिपला एक दिवसही गेला नव्हता, त्यालाही तुम्ही सगळे पाच दिलेत. मग हे उत्तम कुणाला खरं वाटेल?"

सरांनी पत्राची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"मला रागबीग नाही," ती म्हणाली. "तो साडेतीनचा कागद आहे माझ्याकडे, ठेवलाय. ते तुम्ही माझी डायरी वाचून दिले होते. मला तेच राहू दे, चालशे." मग तिनं आम्हाला चहा केला. सरांनी तो सगळा प्यायला आणि चहाबद्दल काहीच म्हटलं नाही.

बाहेर आलो. सरांनी पत्र खिशात, पेनामागे ठेवलं. स्कूटरला किक मारणार तेवढ्यात मी बोलले. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शनिवारची मेल, यादीतलं त्यांचं नाव, बुधवारी आलेली वसुंधरा, सातची मुदत. मला रडू येत होतं आणि स्वतःचा संतापही येत होता. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. मला वाटलं सर म्हणतील, जाऊ द्या, मेल मिळाली असती तरी मी साडेतीनच दिले असते. खरं सांगायचं तर तेवढंच ऐकायला मी बोलले होते.

त्यांनी नीट विचार केला. एखाद्या पोराच्या डायरीचं पान वाचताना करायचे तसा.

"मेल मिळाली असती तर सगळे चार दिले असते," ते म्हणाले. "तिला दिले असते."

मग त्यांनी स्कूटर सुरू केली आणि घडियाळी पोळाकडे गेले.